सोळा पानांचे पुस्तक

टांगा माळीवाड्याच्या वेशीपाशी वळला आणि माझी मान एकाएकी मागे ओढली गेली. काय झाले ते कळायला दोन क्षण लागले. तेवढ्यात श्वास अडकला, वेशीची कमान डोळ्यांपुढे तिरपी झाली आणि टांगेवाल्याने लगाम खेचला. माझ्या उपरण्याचे टोक चाकाच्या आऱ्यांत गेले होते. तो खाली उतरला, चाक हाताने उलटे फिरवून त्याने टोक सोडवले, वंगणाने काळे झालेले ते माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "मास्तर, उपरणं द्यायचंच हुतं तर घोड्याला तरी द्यायचं. चाकाला काय थंडी वाजती?" पानाच्या दुकानापाशी उभे असलेले दोघेतिघे हसले. मीही हसलो. लोक हसू लागले की आपणही हसावे, म्हणजे आपण कुणाला दिसत नाही, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे. पण टांगा पुन्हा चालू लागला तेव्हा मी उपरणे गळ्यातून काढून हातात गुंडाळून धरले. तीन वर्षे जी गोष्ट मी वाचनाआड, प्रार्थनेआड, डोकेदुखीआड लपवून ठेवली होती, ती माझ्या गळ्याला हात लावून गेली होती. आसारामला असेच झाले असेल, असे मनात आले. असेच, फक्त मागे नाही, पुढे. आणि त्याचे चाक हाताने उलटे फिरवण्यासारखे नव्हते.

आसाराम मिरजगावचा. तिशीतला, दोन मुलींचा बाप, चौथीपर्यंत शिकलेला. त्रेचाळीस साली आमच्या शहराबाहेर लढाईच्या कामाचा एक कारखाना निघाला होता. तिथे तंबूंच्या खुंट्या आणि कुदळी-हातोड्यांचे दांडे लेथवर कातून काढत. लाकूड दोन टोकांत धरून गरगर फिरवायचे आणि त्याला पटाशी लावून गोल तासायचे, एवढेच ते यंत्र. आमच्याकडचे जुने कारागीर त्याला खराद म्हणतात. घरचा खराद पायाने चालतो. कारखान्यातले सहाही खराद तेलाच्या इंजिनावर, वरून आलेल्या चामड्याच्या पट्ट्यांनी फिरत. शेतावरून आलेल्या माणसांना ते शिकवायला झेंडीगेटचे गनीभाई होते. ते पिढीजात खरादी. त्यांना वाचता येत नव्हते. म्हणून कारखान्याचे देखरेख अधिकारी आप्पासाहेब यांनी शिकाऊ लोकांसाठी इंग्रजी पुस्तकावरून मराठी पुस्तक करून घ्यायचे ठरवले आणि मिशनच्या शाळेतून नुकताच निवृत्त झालेला मी, कृपादान मास्तर, त्यांना आठवलो. मी आयुष्यात कधी खिळाही सरळ ठोकलेला नव्हता. हे मी त्यांना सांगायला हवे होते. पण पुस्तक छापले जाणार होते, त्यावर नाव येणार होते, आणि माझे नाव तोवर हजेरीपटाखेरीज कुठे आलेले नव्हते.

कागदाची टंचाई होती. सोळा पानांच्या वर एक पान मिळणार नाही, असे आप्पासाहेबांनी बजावले होते. मूळ पुस्तक साठ पानांचे. मी महिनाभर गाळीत बसलो. गाळण्यात एक अधिकार असतो आणि तो मला पहिल्यांदाच मिळाला होता. 'यंत्र सुरू करण्यापूर्वी' या प्रकरणात एक वाक्य होते: नेकटाय, मफलर इत्यादी, गळ्याभोवतीचे व डोक्याभोवतीचे जे काही सैल असेल ते काढून ठेवावे. मी ते माझ्या पत्नीला, मार्थेला, वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. मिरजगाव-काष्टीहून येणाऱ्या शिकाऊ पाहुण्यांना टाय घातलेले बघायला तिला फार आवडेल, असे ती म्हणाली, आणि आम्ही दोघे हसलो. मग मी त्या वाक्यावर रेघ मारली. 'डोक्याभोवतीचे' हा शब्द मला दिसला नाही असे नाही. दिसला. पण माझे डोळे टायपाशीच थांबले होते; ते वाक्य साहेब लोकांसाठी आहे, हे मी ठरवून टाकले होते. आणि हेही सांगायला हवे की त्याच पुस्तकात आरंभी पावणेदोन पानांची माझी स्वतःची प्रस्तावना होती. श्रमाचे माहात्म्य, नासरेथच्या सुताराचा, प्रभू येशूचा, दाखला, प्राचीन मिसर देशातले खरादी. त्यातला एक शब्दही गाळावा, असे मला वाटले नाही.

आसाराम पटका बांधी, पाठीवर हातभर शेमला सोडून. आमच्या भागात पुरुषाने चारचौघांत डोके उघडे करायचे म्हणजे घरात मयत झालेली असते; बाप मेल्याशिवाय पटका उतरत नाही, असे म्हणतात. गनीभाईंनी त्याला पटका काढायला सांगितले, निदान शेमला तरी खोचून घे म्हणाले. आसारामला ते लागले. खिशातले पुस्तक काढून त्याने तिथल्या तिथे ते प्रकरण मोठ्याने वाचले आणि विचारले, "हाय का हितं कुठं पटका?" बाकीचे हसले. छापील शब्दापुढे गनीभाई गप्प झाले. तिसऱ्या दिवशी वाकून माप घेताना शेमला खांद्यावरून पुढे घसरला आणि फिरत्या दांड्याने तो गुंडाळून घेतला. गनीभाईंनी धावत येऊन काठीने पट्टा उडवला, पण तोवर आसारामचे तोंड दांड्यावर आपटले होते आणि सावरायला पुढे केलेला उजवा हात लाकूड आणि पटाशी टेकवायचा आडवा टेका यांच्यामध्ये गेला होता. तीन बोटे काढावी लागली. चौकशी झाली. तिचे टिपण इंग्रजीत करायला मलाच बोलावले. आप्पासाहेबांनी गनीभाईंना विचारले, तुम्ही त्याला सांगितले होते का. सांगितले होते, गनीभाई म्हणाले. हा नियम कुठे लिहिलेला आहे का. गनीभाईंनी माझ्याकडे पाहिले. मदत मागायला नव्हे; त्या खोलीत लिहिण्या-वाचण्याचे काम माझे होते, म्हणून सहज पाहिले असेल. मी दौतीत टाक बुडवला. बाकीच्या शिकाऊ लोकांना काही आठवत नव्हते. शिकवणाऱ्याची हयगय, असा शेरा पडला आणि गनीभाईंचे काम गेले. ते शब्द इंग्रजीत माझ्याच हाताने लिहिले गेले. माझे अक्षर चांगले आहे.

टांग्यातून मी घरी गेलो नाही. आरशात पाहिले असते तर गळ्यावर वळ दिसला असता आणि मार्थेने तेल लावून सगळे मिटवले असते. मी झेंडीगेटला उतरलो आणि विचारीत विचारीत गनीभाईंच्या घरापर्यंत गेलो. दारात त्यांच्या पत्नी, हमिदाबी, धुणे वाळत घालीत होत्या. त्यांनी मला ओळखले. मला वाटले आता दार लावतील, पण त्यांनी पदर सावरून आत हाक दिली. पडवीत खराद होता, पायाखाली फळी, बाजूला मोठे चाक. गनीभाई पलंगाचा खूर कातीत होते. ते खूप वाळले होते. त्यांनी लाकूड थांबवले, उठले, आणि मला बसायला आपली तिवई दिली. तोपर्यंत मी वाक्य जुळवून आणले होते: गनीभाई, ते पुस्तकात होते. पाच शब्द नाहीत ते. पण तोंडातून निघाले ते असे की मला खराद शिकायचा आहे, मार्थेसाठी एक लाटणे करायचे आहे. गनीभाईंनी माझ्या हातांकडे पाहिले. लाटणे उद्या तयार ठेवतो, घेऊन जा, असे ते म्हणाले. मी म्हटले, मला माझ्या हाताने करायचे आहे. हे खोटे होते. आणि बोलून झाल्यावर ते खरे आहे असे वाटू लागले, तेव्हा मला स्वतःची जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी जाऊ लागलो. मार्थेने पहिल्या दिवशी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, बासष्टाव्या वर्षी लाटणे करायला निघालात, पोळपाट करायला बहुधा सत्तरी गाठाल. गनीभाईंनी आठवडाभर मला पटाशीला हात लावू दिला नाही. लाकूड कसे निवडायचे ते आधी. बाभळीचा तुकडा उजेडात धरायचा, बोटाने सगळीकडून चाचपायचा. गाठ आहे का, केसाएवढी भेग आहे का. भेगेचे लाकूड फिरू लागले की फुटते आणि थेट तोंडावर येते, म्हणून सुरू करताना समोर कधी उभे राहायचे नाही, अंगावरून वारा जाऊ द्यावा तसे बाजूला व्हायचे. दोन टोकांत लाकूड बसवले की आधी हाताने एक पुरा फेरा फिरवून बघायचे, ते टेक्याला कुठे घासत नाही ना. टेका लाकडापासून बोटभर अंतरावर हवा. लांब असला की पटाशी त्या फटीत ओढली जाते. पटाशी आधी टेक्यावर टेकवायची, मग लाकडाला न्यायची. लाकूड आपल्याकडे येत असते, आपण त्याच्याकडे धावायचे नाही. आणि फिरते लाकूड हाताने थांबवायचे नाही, ते आपले आपण थांबेपर्यंत वाट पाहायची. हे सगळे मी ऐकत होतो आणि मला एकेक वाक्य ओळखू येत होते. ही सगळी माझ्या पुस्तकात होती. माझी वाक्ये जास्त शुद्ध होती. पण मी ती लिहिली तेव्हा टेका म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. मी शब्दांवरून हात फिरवला होता, आंधळ्याने भिंतीवरून फिरवावा तसा. नववी ओळ आणि दहावी ओळ यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, हे मला बाभळीचा तुकडा हातात घेईपर्यंत कळले नव्हते.

आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट असे. गनीभाई फळीवर पाय ठेवण्यापूर्वी उजव्या हाताने स्वतःचे डोके चाचपीत, मग गळा, मग डावे मनगट, मग उजवे. घाई नाही, चूक नाही. पहिल्या दिवशी मला ती दुवा वाटली. आमच्याकडे कॅथलिक लोक क्रूसाची खूण करतात तशी काही. मी मान खाली घातली. हमिदाबी मागून म्हणाल्या की ही सवय तीन वर्षांची आहे, जेवायला बसतानाही कधी कधी हात डोक्याकडे जातो. मग माझी पाळी आली. पागोटे काढा, गनीभाई म्हणाले, आणि उपरणे. त्यांनी ते इतक्या हळू सांगितले की ऐकू आले नाही असे म्हणणे मला शक्य होते. पटका काढ म्हटल्यावर एकदा मिळालेले उत्तर माणूस विसरत नाही. मी पागोटे उतरवले. माझे डोके गुळगुळीत आहे आणि मार्थेखेरीज ते कुणी पाहिलेले नाही. पडवीतला वारा त्याला लागला तेव्हा मला वाटले की मी सगळ्या झेंडीगेटमध्ये उघडा उभा आहे, आणि त्याच वेळी असे वाटले की एवढी लाज पुरेशी आहे, एवढ्यावर हिशेब मिटला तर बरे. असा मी आहे. मला शिक्षा हवी असते, पण ती मी निवडलेली.

दहाव्या दिवशी पटाशी हातात आली. ती लाकडाला लागताच दोन्ही कोपरांतून एक थरार खांद्यापर्यंत चढला, दात वाजले. पाय फळीवर ताल धरीना, ताल धरला की हात विसरत, हात आठवले की पाय थांबे. साठ वर्षांत माझ्या शरीराला कुणी काही शिकवलेले नव्हते. गनीभाई मागे उभे राहून माझे मनगट धरीत आणि पटाशीचा मागचा दांडा माझ्या कमरेला टेकवीत. हातांनी नाही, अंगाने धरा, असे सांगत. कधी एकदम आवाज गोड होई, लाकडातून लांब, ओलसर, संत्र्याच्या सालीसारखी ढलपी सुटून माझ्या मनगटावर पडे, आणि तेवढ्या वेळात मी सुखी असे. मग आठवे, आसारामलाही हे सुख झाले असेल. त्याचे हात शेतावरचे, त्याला माझ्यापेक्षा लवकर जमले असेल. बोलायचे ते मी रोज सोबत घेऊन जात होतो आणि रोज परत आणत होतो. आज त्यांना खोकला आहे, आज पाहुणे आहेत, आज ते आनंदात आहेत. चांगुलपणाची कारणे मला कधी कमी पडत नाहीत.

एक दिवस पुंजाराम नावाचा एक सुतार पाळण्याचे खांब न्यायला आला. मला उघड्या डोक्याने खरादावर पाहून तो उंबऱ्यावरच थांबला. "मास्तर, घरी जाताना बोटं मोजून न्या," तो म्हणाला, "गनीभाईकडं ठेवून घ्यायची रीत हाय." तो थट्टेने म्हणाला, त्यात दुष्टावा नव्हता, आणि त्यामुळेच कळले की गावात हे नेहमीचे बोलणे झाले आहे. गनीभाईंनी खांब मोजून दिले, दोरीने बांधून दिले. तो गेल्यावर हमिदाबींनी जे सांगितले ते गनीभाईंनी कधी सांगितले नसते. लढाईवरून परतलेल्या शिपायांसाठी सुतारकामाचा सरकारी वर्ग निघणार होता, आप्पासाहेबच तो उघडणार होते, खराद शिकवणारा माणूस त्यांना हवा होता. गनीभाई दोनदा जाऊन आले. कागदावर शेरा आहे, आप्पासाहेब म्हणाले, माझ्या हातात काही नाही. महिनाअखेर तिसगावच्या एका माणसाला ती जागा मिळेल. हमिदाबी बोलत होत्या आणि गनीभाई पटाशीला धार लावीत होते, जणू दुसऱ्याच कुणाचे बोलणे चालले आहे. मी त्या दिवशीही बोललो नाही. मला आठवत होते की महिनाअखेरीला अजून नऊ दिवस आहेत.

घरी येताना मी कापडबाजारातून उगाच फिरलो. मला त्या दवाखान्याचा वास येत होता. हे मी आतापर्यंत लिहिले नाही. लिहायचे टाळत होतो. चौकशीच्या आदल्या दिवशी आप्पासाहेबांनी मला आसारामची जबानी घ्यायला पाठवले होते. त्याचा चेहरा सुजला होता, हात फडक्यांच्या गोळ्यात होता, ताप होता. मी खाटेपाशी बसलो. मला ओळखून तो उठू लागला. म्हणाला, "मास्तर, तुमचं पुस्तक म्या पाठ केलं हुतं. उस्ताद म्हनलं हुतं पटका काढ म्हनून. पर पुस्तकात न्हवतं, मंग म्या न्हाई काढला." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. धडा चोख म्हणून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याचा आवाज होता तो, शेवटी शाबासकीची वाट पाहणारा. मी कागदावर लिहिले की जबानी देणारा तापात आहे, त्याला नीट आठवत नाही. ताप तर होताच. एकशे दोन होता. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला तो आकडा सांगत असे. तीन वर्षांत माझे मन त्या वाक्यावरून इतक्यांदा गेले आहे की आता कधी कधी वाटते, आसाराम तसे बोललाच नसेल, मीच ते मनाने रचले असेल. पण 'पाठ केलं हुतं' हे शब्द मला रचता येणार नाहीत. माझ्या पुस्तकाविषयी एवढे चांगले कुणी कधी बोलले नव्हते.

त्यानंतर दोन दिवसांनी माझी पटाशी अडकली. माप घेतल्यावर टेका पुन्हा जवळ सरकवायला मी विसरलो होतो. पटाशीचे पाते फटीत खेचले गेले, दांडा माझ्या बरगडीवर बसला आणि लाकूड टोकांतून सुटून पडवीच्या कुडावर आदळले. गनीभाईंनी मला मागून दोन्ही दंडांना धरले होते. कधी धरले ते कळले नाही. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले, एकेक बोट दाबून पाहिले. चूक माझी, ते म्हणाले, टेका मी बघायला पाहिजे होता. ते दुसऱ्यांदा तेच म्हणाले, चूक माझी, आणि त्यांचा हात डोक्याकडे गेला, गळ्याकडे गेला, मनगटाकडे गेला, आणि पुन्हा डोक्याकडे. तेव्हा मी बोललो. कसे बोललो ते आठवत नाही. जुळवलेले वाक्य कामाला आले नाही. साहेबाच्या पुस्तकात ते होते, मी ते गाळले, चौकशीत मला माहीत होते, मी गप्प बसलो. आसारामच्या जबानीचे मात्र त्याही वेळी ओठांवर आले नाही. एवढे सांगूनसुद्धा मी एक गोष्ट आपल्यासाठी राखून ठेवली.

गनीभाई तिवईवर बसले. हमिदाबी आतून दारापर्यंत आल्या होत्या.

"म्हंजे पुस्तकात हुतं," गनीभाई म्हणाले.

"होतं."

"डोक्याचं पन?"

"डोक्याचंही होतं."

ते कुडाकडे वळले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी हिला सांगत आलो, म्या त्याला सांगितलं हुतं म्हनून. वरीसभर सांगितलं. मंग सांगायचं सोडलं. आता आता मलाच वाटाया लागलं हुतं मास्तर, का म्या सांगितलंच न्हाई. उगं माझ्या मनाची समजूत हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. मला त्यांच्या पायाशी बसायचे होते, क्षमा मागायची होती. मला वाटते, त्यांनी रागवावे अशीही माझी इच्छा होती. गनीभाईंनी ते ओळखले असावे. ते उठले आणि पडलेले लाकूड त्यांनी उचलून आणले.

"रडू नगा," ते म्हणाले. "लिहून द्या."

मी दोन दिवस लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी चार पाने घेऊन गेलो आणि पडवीत बसून वाचू लागलो. माझे बालपण नव्हते त्यात, पण जवळपास होते. मनुष्याच्या सदसद्विवेकबुद्धीपासून सुरुवात होती. विद्येचा अहंकार, वृद्धपणीचा पश्चात्ताप, खरादाच्या सान्निध्यात मला झालेला साक्षात्कार. वाचताना माझा आवाज एक-दोन ठिकाणी चांगला लागला, हे मला कळत होते. हमिदाबी लसूण सोलत ऐकत होत्या. दुसरे पान संपले तेव्हा गनीभाईंनी हात वर केला. त्यांनी विचारले ते अगदी साधेपणाने, वाचता न येणारा माणूस विचारतो तसे. "मास्तर, यात माझं नाव कुठं येतं?"

मी पाने चाळली. ते चौथ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत येत होते. मी बोट ठेवून दाखवले. त्यांनी ती जागा पाहिली आणि मान हलवली, आणि हमिदाबींना चहा टाकायला सांगितले. मी ती पाने घडी करून खिशात घातली. माझ्या कानांच्या पाळ्या जळत होत्या. मी गुन्हा कबूल करायलाही प्रस्तावना लिहिली होती. चहा होईपर्यंत तिथेच गुडघ्यावर नवा कागद घेऊन मी चार ओळी लिहिल्या: गनीभाईंनी शिकवताना जो नियम तोंडी सांगितला तो मूळ इंग्रजी पुस्तकात आहे, पान अमुक. मराठी पुस्तकातून तो मी गाळला. चौकशीच्या वेळी हे मला ठाऊक असून मी सांगितले नाही. गनीभाईंची हयगय नव्हती. वाचून दाखवल्या. पुन्हा वाचा, ते म्हणाले. पुन्हा वाचल्या. पहिलाच शब्द त्यांचे नाव होता. उद्या आप्पासाहेबांकडे जाऊ, ते म्हणाले, तुम्हीच वाचा, मला नुसता कागद देता येईल, पण कागदावर काय आहे ते मला सांगता येणार नाही.

सकाळी मार्थेने मला पागोटे बांधून दिले. तिला मी सगळे सांगितले होते. टायवर आपण हसलो होतो हे तिला आठवत नव्हते. मी आठवण दिल्यावर ती पागोट्याचे टोक खोचून म्हणाली की हसले तर मीही होते, मलाही यायला हवे. मी नको म्हटले. ती चुलीपाशी गेल्यावर मी टेबलापाशी उभ्यानेच कागद उघडला आणि चार ओळींच्या खाली पाचवी लिहिली. माझे अक्षर मला ओळखू आले नाही.

आप्पासाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, गनीभाईंना दिली नाही. म्हणून मीही उभा राहिलो, आणि उभा राहिल्यावर हे आपण दाखवायला केले का, अशी शंका आली. मूळ पुस्तक मी बरोबर आणले होते. ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले आणि वाचायला सुरुवात केली. चार ओळी झाल्या. आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले की मास्तर, याचा अर्थ तुम्हाला कळतो का, तुमचे पुस्तक आजही तीन ठिकाणी चालू आहे, मिशनमध्ये तुम्हाला मान आहे. आणि तीन वर्षांनी हे उकरून कुणाला बोटे परत मिळणार आहेत. ते रागाने बोलत नव्हते. मला वाचवण्यासाठी बोलत होते, आणि माझ्यातले काहीतरी त्यांच्याकडे कृतज्ञतेने सरकले. कागद घडी करायला माझी बोटे हललीसुद्धा. अजून एक ओळ आहे, मी म्हटले. ती गनीभाईंनी ऐकलेली नव्हती.

"जखमी इसम आसाराम याने दवाखान्यात मला सांगितले होते की," मी वाचले, आणि पुढची अक्षरे मला दिसेनात. गनीभाई माझ्या मागे, डाव्या बाजूला उभे होते. त्यांचा श्वास थांबल्याचे मला ऐकू आले. वळून त्यांच्याकडे पाहावे, आधी त्यांची परवानगी मागावी, निदान त्यांना तयार करावे, असे वाटत होते. आणि हेही वाटत होते की हे सगळे थांबण्याचेच प्रकार आहेत. व्हरांड्याच्या पायरीवर माळी पाणी शिंपत होता. आप्पासाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"पुढं वाचा, मास्तर," गनीभाई म्हणाले.

मी कागद डोळ्यांजवळ धरला आणि पुढे वाचले.